तुसाला चिकटलेला धातू मग जातो कुठं?

(तालुक्याच्या मेळाव्यात आपल्या एका कार्यकर्तीने केलेलं भाषण. ती अर्धं माडियात आणि अर्धं मराठीत बोलली. इथं सगळं मराठीत लिहून काढलं आहे, बोलणं शक्यतो तसंच ठेवलं आहे.)



दादांनो, बायांनो, आणि मागं मोहाच्या सावलीत बसलेल्या आज्या-आजोबांनो, माईक तुमच्यापर्यंत पोचत नाही म्हणून मी मोठ्यानं बोलते.

मला पाण्यावर बोलायला सांगितलंय. मी काही पाण्याची तज्ज्ञ नाही. आश्रमशाळेत शिकले, बारावी सायन्स झाले, पुढं थांबले. पण पाण्याच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आहे. आधी ती सांगते. ती लपवून पुढचं शहाणपण सांगितलं तर तुम्ही ऐकू नका.

मागच्या वर्षी तेंदुपत्त्याच्या आधी आमच्या गावात एक गाडी आली. डोंगराच्या पलीकडे खाण आहे, तिकडची माणसं होती. नाव घेत नाही, आपल्याला माणसाशी भांडायचं नाही. आमचा नाला दोन पावसाळ्यांपासून लाल येतो, बांधीत लाल गाळ बसतो, हे आम्ही लिहून दिलं होतं. त्यावर उत्तर म्हणून ते एक निळा ड्रम घेऊन आले. ड्रमात खाली गिट्टी, वर रेती, आणि त्याच्यावर धुतलेलं तूस. तूस म्हणजे धानाचं वरचं टरफल, राईस मिलच्या मागं ज्याचा डोंगर पडलेला असतो ते. ढोरं खातात तो बारीक कोंडा वेगळा.

साहेबानं नाल्याचं लाल पाणी वरून ओतलं. खालच्या तोटीतून पाणी आलं ते स्वच्छ, काचेसारखं. तो म्हणाला, "शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, धानाच्या तुसानं पाण्यातले जड धातू निघून जातात. तूस तुमचंच, पाणी तुमचंच, ड्रम आमचा." आणि एक गिलास स्वतः प्यायला. हे सगळं माडियात सांगायला मी उभी होते. गावातली शिकलेली पोरगी म्हणून. मी सांगितलं, "पाणी साफ झालं, आता पिता येते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मलाही बरं वाटलं. आपल्या शेतातलं फेकून द्यायचं तूस विष काढते, याचा अभिमानच वाटला म्हणा ना.

मग रजिस्टर निघालं. प्रत्येक टोलीला दोन ड्रम मिळतील, आणि नाल्याच्या पाण्याबाबत गावाची काही तक्रार उरली नाही, असा ठराव. सह्या-अंगठे सुरू झाले. तेवढ्यात माझी आत्या उठली. तिनं ड्रमात वाकून पाहिलं आणि मला विचारलं, "मंग ते विष गेलं कुठं?"

मी साहेबाला विचारलं. तो म्हणाला, तुसाला चिकटलं. आत्या म्हणाली, "आणि तूस कुठं जाईल?"

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे तर नव्हतंच. पण तोवर निम्म्या गावाचे अंगठे माझ्या शब्दावर पडले होते. पुढच्या ग्रामसभेत तो ठराव आम्ही रद्द केला. पण पहिल्या ठरावाची झेरॉक्स त्यांच्या फाईलला लागली आहे आणि ती अजून तिथंच आहे. तुमच्यातल्या ज्या गावांत असे ड्रम येणार आहेत, आणि मला कळलंय की तीन-चार गावांत येणार आहेत, त्यांनी हे ऐकावं म्हणून मी आले.

आत्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला सहा महिने लागले. माझ्या जुन्या केमिस्ट्रीच्या सरांकडे गेले, त्यांनी इंग्रजीतले कागद काढून दिले, डिक्शनरी घेऊन बसले. जे समजलं ते सांगते.

पहिली गोष्ट. साहेब म्हणाला त्यातलं "तूस धातू धरते" हे खोटं नाही. जगभर यावर काम झालंय. धानाचं तूस, उसाचं चिपाड, भुईमुगाची टरफलं, नारळाचा काथ्या, संत्र्याची साल, केळीची साल, लाकडाचा भुसा, सगळ्यावर झालंय. कसं धरते ते कुसळाच्या गवतावरून समजून घ्या. गवत वाळल्यावर त्यातून चाललं की लुगड्याच्या काठाला कुसळं चिकटतात. कापडात धागे असतात म्हणून ती अडकतात, गुळगुळीत प्लास्टिकला चिकटत नाहीत. तुसात सेल्युलोज, लिग्निन असे पदार्थ असतात. त्यांच्या अंगावर धातूला पकडणाऱ्या जागा असतात. पाण्यात विरघळलेलं शिसं, कॅडमियम, तांबं, जस्त, निकेल यांच्या कणावर अधिक विद्युतभार असतो, मोबाईलच्या बॅटरीवर अधिकची खूण असते ना, तसा. तुसावरच्या जागा उण्या. म्हणून ते धातू तिथं जाऊन बसतात.

विरघळलेलं, हा शब्द लक्षात ठेवा. जड धातू म्हटलं की आपल्याला वाटते, जड आहे तर गुंडाच्या बुडाला बसेल, वरचं पाणी ओतून घेऊ. तसं नाही. मीठ पाण्यात विरघळल्यावर बुडाला बसते का? तसंच हे. दिसत नाही, वास नाही, चव नाही. उकळलं तरी जात नाही. उलट पाण्याची वाफ होते आणि धातू तेवढाच राहतो, म्हणजे पाणी आणखी कडक होते. जंतूसाठी उकळा, जरूर उकळा, पण धातूचा त्याच्याशी संबंध नाही.

आपल्या आज्या गढूळ पाणी निवळीच्या बीनं साफ करत. मडक्याच्या आतून बी घासली की गाळ खाली बसतो. शेवग्याच्या बियांची पूडही तेच काम करते. चांगली विद्या आहे, सोडू नका. पण ती गाळाची विद्या आहे. आमच्या गावात त्या ड्रमनं जे केलं तेही तेवढंच होतं. लाल दिसत होता तो गाळ होता, आणि गाळ अडवला रेतीनं. तूस नसतं तरी पाणी स्वच्छच निघालं असतं. विरघळलेला धातू आत होता की नव्हता, होता तर निघाला की नाही, हे त्या दिवशी कोणीच मोजलं नाही. साहेबानंही नाही, आणि मी तर डोळ्यांनीच पाहून "साफ झालं" म्हणून मोकळी झाले. माझी चूक ती हीच.

आता मोजायचं म्हणजे किती बारीक मोजायचं बघा. पिण्याच्या पाण्याचं आपल्या देशाचं मानक आहे, 2012 चं. त्यात शिसं एका लिटरला 0.01 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. म्हणजे पाच हजार लिटरचे वीस टँकर घ्या, त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम. कॅडमियम त्याहून कमी, लिटरला 0.003 मिलिग्रॅम. पारा 0.001. हे कोणाच्या डोळ्याला दिसणार आहे? शिसं लेकरांच्या मेंदूला लागते, शाळेत मागं पडतात आणि आपण म्हणतो पोरगं ढ आहे. कॅडमियम किडनीला आणि हाडाला लागते. वर्षानुवर्षं थोडं थोडं.

सरांनी दिलेल्या कागदांत 2006 साली छापलेला एक अभ्यास होता. त्यात एक ग्रॅम कच्च्या तुसानं साधारण साडेआठ मिलिग्रॅम कॅडमियम धरलं, आणि कॉस्टिक सोड्यात धुतलेल्या तुसानं वीस मिलिग्रॅम. मी लगेच हिशोब मांडला. आमच्या घरी पाच माणसं, रोजचं पिण्याचं पाणी वीस लिटर. समजा पाण्यात मानकाच्या दहापट कॅडमियम आहे, 0.03 मिलिग्रॅम. मग रोजचं झालं 0.6. एक किलो तूस म्हणजे साडेआठ हजार मिलिग्रॅमची जागा. भागाकार केला तर एक किलो तूस अडतीस वर्षं चालते! मी रात्री उठून आईला सांगितलं. आई म्हणाली, "ओलं तूस अडतीस दिवस ठेवून दाखव."

तर ठेवून पाहिलं. तीन मडकी घेतली, बुडाला भोक पाडून. एकात नुसती रेती, एकात धुतलेलं तूस, एकात कोळसा आणि रेती. शाळेमागच्या बोरिंगचं पाणी टाकत गेले. तुसाचं पाणी पहिल्या दिवसापासून चहासारखं पिवळसर निघालं, कारण तुसातलंच काहीतरी पाण्यात उतरते. पाचव्या दिवशी वास सुटला. आठव्या दिवशी आत पांढरी बुरशी. आठ दिवसांत अडतीस वर्षं संपली. म्हणजे जंतू नसलेल्या पाण्यात आपण जंतू घालायचे, धातू काढण्याच्या नावावर.

आणि त्या हिशोबात दुसरीही गफलत होती, ती सरांनी दाखवली. प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यात एकच धातू टाकतात, तोही भरपूर. तुसापुढं एकच पाहुणा. आपल्या पाण्यात चुना असतो, मॅग्नेशियम असते, लोह असते, तेही अधिक भारवालेच. बाजाराच्या दिवशी जीपमध्ये जागा कशा भरतात? जे आधी चढले ते बसले. चुन्याचे हजार जण चढल्यावर कॅडमियमच्या एकाला जागा कुठली? आणि पाण्यात धातू जितका कमी, तितकं तूस त्याला कमी धरते. म्हणून कागदावरचा आकडा आपल्या मडक्यात उतरत नाही. अभ्यास करणाऱ्यांनी खोटं लिहिलं नव्हतं. त्यांनी गावातल्या माणसाला प्यायला द्या असंही लिहिलं नव्हतं. ते नंतर दुसऱ्यांनी जोडलं.

आता सगळे धातू तुसाला चिकटत नाहीत, हे तर फारच महत्त्वाचं. आर्सेनिक, म्हणजे जुन्या माणसांना सोमल माहीत आहे, ते पाण्यात अधिक भाराचं नसते. एकतर उणं असते, नाहीतर बिनभाराचं. कच्चं तूस त्याला विचारत नाही. क्रोमियमचं जे विषारी रूप आहे ते पण उणं. त्याला तुसानं धरावं तर पाणी लिंबाच्या रसाएवढं आंबट करावं लागते. ते पाणी पिणार कोण?

हे मी उगाच दूरदूरची नावं म्हणून सांगत नाही. कोरचीच्या पलीकडे, छत्तीसगडच्या बाजूला अंबागड चौकी आहे. आपल्यातल्या किती जणांच्या सोयरिकी आहेत तिकडे. तिथं कौडीकसा नावाच्या गावात आणि आजूबाजूला विहिरी-बोरिंगच्या पाण्यात आर्सेनिक निघालं. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाच्या लोकांनी तपासलं आणि 1999 साली छापलं, तेव्हा तो भाग मध्य प्रदेशात होता. लोकांच्या हातापायाच्या तळव्यांना गाठी, अंगावर काळे-पांढरे ठिपके. तिथं आर्सेनिक खाणीनं आणलं नव्हतं, ते जमिनीखालच्या खडकातलंच होतं. म्हणजे खाण नाही म्हणून आपलं पाणी चांगलं, असंही समजू नका. पाणी कोणत्या खडकातून येते ते खडकाला माहीत.

आणि खाणीनं आणलेलं पाहायचं तर ओरिसात जाजपूर जिल्ह्यात सुकिंदा खोरं आहे. देशातलं जवळजवळ सगळं क्रोमाईट तिथून निघते. खाणीचं पाणी दमसाला नाल्यात, नाल्यातून ब्राह्मणी नदीत. 2007 साली जगातल्या सगळ्यात दूषित दहा जागांची यादी निघाली, त्यात सुकिंदाचं नाव होतं. तिथंही आपलेच, आदिवासीच.

आपल्याकडच्या लोहखनिजाच्या डोंगरातून मुख्य काय येते? गाळ, लोह आणि मँगनीज. ही त्यातल्या त्यात ओळखता येणारी मंडळी. तुमच्या बोरिंगचं पाणी काढल्याबरोबर स्वच्छ आणि तासाभरानं पिवळं-लाल होत असेल, भांड्याला तांबूस थर बसत असेल, तर ते लोह. हिरड्याची साल ठेचून त्या पाण्यात टाका. काळं-निळं पडलं तर लोह आहे. आपल्या आज्या याच रीतीनं काळा रंग करत. माझ्या तीन मडक्यांत रेतीच्या मडक्याचं पाणी हिरड्यानं काळं पडायचं थांबलं. कारण मी पाणी आधी उंचावरून दोनदा ओतून रात्रभर उघडं ठेवलं होतं. हवा लागली की विरघळलेलं लोह गंजून गाळ होते, मग रेती त्याला अडवते. त्याला तूस लागत नाही, पैसा लागत नाही. दर काही दिवसांनी वरची रेती धुवा, एवढंच. हे तुम्ही उद्यापासून करू शकता. पण हिरडा फक्त लोह सांगतो. शिसं, आर्सेनिक सांगत नाही. "हिरडा टाकला, काळं नाही झालं, म्हणजे पाणी चांगलं" असं कोणी म्हटलं तर त्याला माझी गोष्ट सांगा.

एक गंमत सांगते. लोहाचा हा गंज आर्सेनिकला मात्र धरतो. बांगलादेशात हातपंपांतून आर्सेनिक निघालं तेव्हा तिथल्या लोकांनी एकावर एक तीन मडकी ठेवून गाळणी केली, त्यात लोखंडाचा कीस, रेती आणि कोळसा. तूस जे करत नाही ते गंज करतो. म्हणजे कोणत्या धातूला काय लागते हे वेगवेगळं आहे. सगळ्यांना एकच ड्रम, असं औषध नसते. आणि बांगलादेशात आणखी एक काम केलं. 50 लाखांच्या आसपास हातपंप तपासले आणि रंगवले. लाल म्हणजे पिऊ नका, हिरवा म्हणजे प्या. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळलं. मला तर हे तुसापेक्षा मोठं वाटलं.

कोणी म्हणेल, टाटांचं तुसाच्या राखेचं फिल्टर बाजारात होतं की. होतं, 2009 ला आलं. त्याच्याआधी पुण्याला त्यांच्याच संशोधन केंद्रात राख, सिमेंट आणि खडीचं साधं फिल्टर बनवलं होतं. पण ते जंतूंसाठी. बाजारातल्यात राखेवर चांदी लावलेली होती, ती जंतू मारते. धातू काढायला ते बनवलेलंच नव्हतं. आणि फ्लोराईड, ज्यानं दात पिवळे होतात, पाय वाकतात, तो धातूच नाही. त्यालाही तूस नाही चालत. त्याच्यावर नागपूरच्या नीरी संस्थेनं तुरटी आणि चुन्याची रीत काढली आहे. ती पण शिकून, मापानंच करावी लागते.

आता आत्याच्या प्रश्नाकडे येते. विष गेलं कुठं?

कुठंच गेलं नाही. धातू जळत नाही, कुजत नाही, मरत नाही. आधी तो हजार लिटर पाण्यात पसरलेला होता, आता एक टोपलीभर तुसात गोळा झाला. म्हणजे टोपली पाण्यापेक्षा जहाल. आणि आपल्या घरात तुसाचं काय होते? शेणखताच्या खड्ड्यात जाते. कोंबड्यांखाली टाकतो. चुलीत जाळतो. राखेनं भांडी घासतो. लेकरं ढिगावर खेळतात. खड्ड्यातलं खत बांधीत गेलं तर धान आर्सेनिक आणि कॅडमियम मुळातून ओढून घेते, दाण्यापर्यंत नेते. पाण्यातून काढलं आणि भातातून खाल्लं, असा तो फेरा. जाळलं तर काही धुरातून, काही राखेतून, घरातच. आम्लानं धुतलं तर तुसावरचा धातू सुटतो, तूस परत वापरता येते, असंही कागदात आहे. मग ते आम्ल कुठं ओतणार? नाल्यात?

असा कचरा पुरायची वेगळी सोय असते. जमिनीत पाझरू नये म्हणून खाली अस्तर घातलेले खड्डे. विदर्भात अशी जागा नागपूरजवळ बुटीबोरीला आहे. आमच्या गावापासून दोनशे किलोमीटरच्या वर. मी त्या साहेबाला पुन्हा भेटले तेव्हा विचारलं, वापरलेलं तूस दर आठवड्याला कोण उचलणार, कोणत्या गाडीनं, कोणाच्या खर्चानं? तो हसला. म्हणाला, "ताई, तुम्ही फार लांबचा विचार करता."

आता तुम्ही म्हणाल, मग ही विद्या फेकून द्यायची का? मी तसं म्हणत नाही. जिथं धातूचं पाणी तयार होते, त्या कारखान्याच्या, त्या खाणीच्या तोंडावर ही विद्या कामाची आहे. तिथं धातू कोणता ते माहीत असते, जास्त प्रमाणात असतो, पाण्याचा आंबटपणा सांभाळायला माणूस असतो, रोज मोजायला यंत्र असते, आणि वापरलेलं तूस त्यांच्याच नावावर राहते. राईस मिलवाल्यांनाही चार पैसे मिळतील. नाल्याच्या वरच्या टोकाला करा ना. गाळासाठी तर तूसही नको, पाणी थांबवणारी तळी बांधा आणि वेळेवर उपसा. खालच्या टोकाला माझ्या आईच्या स्वयंपाकघरात निळा ड्रम ठेवला की साफ करायचं काम तिचं, आजारी पडली तर चूक तिची, "तूस वेळेवर बदललं नाही" म्हणून. आणि नाला लालचा लाल. ढोरं कुठलं पाणी पितील? मासे कुठं राहतील? त्यांना ड्रम कोण देणार?

आमच्या गावानं यंदा पाण्याचे नमुने दिले, जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत. रिपोर्ट आला. दोन बोरिंगला लोह जास्त. मँगनीज, शिसं, कॅडमियम, आर्सेनिक या नावांपुढं आडवी रेघ. ग्रामपंचायतीत आम्हाला सांगितलं, "रेघ म्हणजे काही निघालं नाही." मी प्रयोगशाळेत जाऊन विचारलं. तिथल्या बाईंनी सरळ सांगितलं, रेघ म्हणजे तपासलं नाही. नेहमीच्या तपासणीत हे धातू सहसा नसतात, त्याला वेगळं यंत्र लागते, वेगळी मागणी करावी लागते. बाई चांगल्या होत्या, चहा पण पाजला. तर तुमच्या गावच्या रिपोर्टात रेघ आहे का ते घरी जाऊन पाहा. कागद भिंतीला खोचलेला असेल तर काढून पाहा.

मागणी ग्रामसभेच्या ठरावानं करा. वनहक्क कायद्याचं, 2006 च्या, कलम 5 वाचा. आपल्या हद्दीतलं पाणलोट, पाण्याचे स्रोत नीट राखले जातात की नाही हे पाहायचा अधिकार तिथं ग्रामसभेला दिलेला आहे. आपण दावे करतो जंगलाचे, पट्टे मागतो, ते बरोबरच. पण नाला हाही आपल्या हद्दीत येतो, हे आपण ठरावात लिहायचं विसरतो. सरपंचाच्या लेटरहेडवरचं पत्र आणि ग्रामसभेचा ठराव यात फरक आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. ठरावात धातूंची नावं एकेक करून लिहा. "पाणी तपासावे" एवढंच लिहिलं की परत रेघच येईल.

आणि ड्रम घेऊन कोणी आलं तर त्यांना हाकलू नका. बसवा, पाणी द्या, ऐका. मग म्हणा, ओतण्याआधीचं पाणी एका बाटलीत आणि ड्रममधून निघालेलं दुसऱ्या बाटलीत, दोन्ही आमच्यासमोर सील करा, दोन्हीचा रिपोर्ट ग्रामसभेला द्या. महिन्यानं परत घ्या, तेव्हा त्यात तेच जुनं तूस असलं पाहिजे. वापरलेलं तूस तुम्ही नेणार असं स्टॅम्पवर लिहून द्या. आणि त्या दिवशी रजिस्टर उघडू नका. ड्रम आणि अंगठा एका दिवशी नको. आमच्याकडे एकाच दिवशी झालं म्हणून मला आज इथं उभं राहावं लागलं.

एक शेवटचं काम. ज्या सात गावांनी नावं दिली आहेत त्यांचे नमुने आपण येत्या बुधवारी एकत्र पाठवतो आहोत. बाटल्या प्रयोगशाळेकडूनच आणल्या आहेत. धातूच्या तपासणीच्या बाटलीत आम्लाचे थेंब आधीच टाकलेले असतात, म्हणून ती आतून विसळू नका, हातावर सांडू देऊ नका, आणि दारूची किंवा कोल्ड्रिंकची बाटली भरून आणू नका, मागच्या वेळी दोन गावांचे नमुने त्यापायी परत आले. बोरिंग आधी पाच मिनिटं हापसा, मग भरा. बाटलीवर गाव, टोली, तारीख, वेळ लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची बाटली मी लिहून देते, इथंच पलीकडे टेबलाजवळ बसते. माझी आत्या पण आली आहे, ती लाल लुगडंवाली. दोन डबे लाल आणि हिरवा रंग आम्ही वर्गणीतून घेऊन ठेवले आहेत. रिपोर्ट आले की बोरिंग रंगवायला सुरुवात तिच्या टोलीपासून करायची आहे, ब्रश धरायला दोन पोरं पाहिजेत.